शिक्षेची जाळी

मी जाळी बोलतेय. खिडकीची नव्हे, मासे धरायचीही नव्हे. तोंडावर बांधायची. बेसबॉलमध्ये फटका मारणाऱ्याच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा जो असतो, त्याचे नाक-डोळे शाबूत राहावेत म्हणून सळ्या वाकवून, आतून चामड्याच्या गाद्या शिवून मला केलं. कुणी केलं ते मला माहीत नाही. आपल्याला कुणी घडवलं याची चौकशी करत बसायला वस्तूंना सवड नसते.

वेंडल ह्रुस्का पंधरा वर्षांचा असताना मला घरी घेऊन आला. चर्चच्या शाळेच्या संघात तो चेंडू झेलायचा. गुडघे मोडून बसायचं हे काम कुणालाच नको असतं, पण याला ते मनापासून आवडायचं, कारण मैदानावरच्या सगळ्यांकडे तोंड करून बसणारा तो एकटाच. कोण कुठे उभा आहे, कोण दोन पावलं पुढे सरकलाय, सगळं त्याच्या डोक्यात. दोन हंगाम मी त्याच्या तोंडावर होते. मग त्याचा गुडघा दुखावला आणि मी गॅरेजमध्ये बर्फ ओढायच्या फावड्याशेजारी खिळ्यावर गेले. त्याचं लग्न झालं, घर बदललं, माझा खिळा बदलला. एकवीस वर्षं मी अशी लटकून काढली. अमेरिकेतलं आमचं ईरी शहर, तिथला हिवाळा काय चीज आहे ते ज्याने काढला त्यालाच ठाऊक. मी गंजले नाही हेच नवल.

मग वेंडल आणि त्याच्या मित्रांनी एक कागदी खेळ सुरू केला; त्याला ते लीग म्हणायचे. मार्च संपत आला की, खरा हंगाम सुरू व्हायच्या आधी, आठ मित्र वेंडलच्या तळघरात टेबलाभोवती जमायचे. पाळीपाळीने खऱ्या खेळाडूंची नावं घ्यायची आणि आपापला संघ बांधायचा. एकाने नाव घेतलं की तो खेळाडू त्याचा, दुसऱ्याला मिळायचा नाही. पुढे सहा महिने त्या खेळाडूने मैदानावर जे दिवे लावले त्याचे गुण याच्या खात्यावर. एवढाच खेळ. पण त्या एका संध्याकाळसाठी ही बाप्ये माणसं जानेवारीपासून उतावीळ व्हायची. एक त्यांत बाईही होती, डोरीन, घरोघर टपाल वाटणारी. तिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून भिंतीवरच्या तक्त्यावर नावं लिहायचं काम तिच्याकडे. आठ जणांचे आठ रकाने.

तिसऱ्या वर्षी माझं नशीब फिरलं. ऑगी नावाचा एक नळकाम करणारा गडी, वेंडलचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने पाचव्या फेरीत मोठ्या ऐटीत एक नाव फेकलं आणि खुर्चीत मागे रेलला.

"अरे गाढवा," डोरीन म्हणाली, "तो पहिल्याच फेरीत गेलाय. तुझ्या नाकासमोर लिहिलाय मी."

घेतलेलं नाव पुन्हा घेणं यासारखी या खेळात दुसरी नाचक्की नाही. सगळे टेबल बडवायला लागले. वेंडल उठला, गॅरेजमधून मला घेऊन आला, माझ्यावरची कोळिष्टकं फुंकरली आणि मला ऑगीच्या तोंडावर बांधलं. "आता दुसरा कुणी चुकेपर्यंत हिला काढायचं नाही. खायचं-प्यायचं ते आतूनच." लगेच पुढचा नियमही त्यानेच सांगितला. "आणि मित्राला सोडवायला कुणी मुद्दाम चुकला, तर ती चूक धरायची नाही."

तेव्हापासून मी तळघरातल्या फळीवर राहायला आले आणि दरवर्षी माझी वरात निघायची. सळ्यांमधून नळी घालून बियर प्यायची, पेपरोनी भरलेले छोटे पाव चेपून चेपून आत कोंबायचे, आणि बाकीच्यांनी हसून हसून डोळे पुसायचे. क्लाईड न्हावी माझं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक. त्याच्या मिशांच्या मेणाचा वास माझ्या गादीत कायमचा बसलाय. डोरीनलाही मी चारदा बसले. फक्त एका माणसाच्या तोंडावर मी कधी चढले नाही. वेंडलच्या.

तो तक्त्याकडे पाठ करून बसायचा. मुद्दाम. अडीचशे नावं गेलेली असली तरी कुठलं कुणाकडे गेलं, कितव्या फेरीत गेलं, हे तो मागे न वळता सांगायचा. ऑगी त्याच्या कानाशी बसून घेतलेली नावं पुटपुटायचा, नुसता बिचकावा म्हणून. काही उपयोग नाही. रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात वेंडल साधा भांडारातला माणूस होता. तिथे त्याला कुणी साहेब म्हटलं नाही. पण त्या तळघरात तो राजा होता. सत्तावीस वर्षं. आणि मला, खरं सांगते, त्याचा अभिमान वाटायचा.

चार वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये त्याने नववी निवड केली. "हॅलोरन."

क्षणभर कुणाला कळेचना. मग डोरीन हळूच म्हणाली, "वेंडल, हॅलोरन तुझ्याकडेच आहे. दुसऱ्या फेरीत तूच घेतलास."

जो गोंधळ उडाला तो विचारू नका! क्लाईड खुर्चीवर चढला. ऑगीने मला फळीवरून ओढलं. "सत्तावीस वर्षं वाट बघितली, म्हाताऱ्या! ये, तोंड पुढे कर!" वेंडलही हसत होता. "बांध बाबा, बांध. एकदाचे तुमचे आत्मे शांत होऊ देत."

बाकीच्यांनी त्याचं हसणं पाहिलं. मी आतून पाहिलं. माझ्याइतकं जवळून माणसाला कुणी बघत नाही. कपाळाला दरदरून घाम फुटला होता आणि डोळे हसत नव्हते. तो श्वास रोखून आठवायचा प्रयत्न करत होता, की दुसऱ्या फेरीत आपण काय बोललो. आणि त्याला आठवत नव्हतं. चूक झाली याचं त्याला काही नव्हतं. आपण ते नाव कधी घेतलं, हेच त्याच्याकडे उरलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मी त्याच्या तोंडावर दोनदा चढले. त्या वेळी हसू जरा कमी होतं. त्याने तळहातावर पेनाने नावं लिहून आणली होती, पण घामाने शाई पसरली आणि सगळा हात निळा झाला. ऑगीने तो हात पाहिला. स्वतःची बियर त्याच्यापुढे सरकवली.

त्यानंतरच्या हिवाळ्याबद्दल बोलायला माझी जीभ रेटत नाही, पण ते मी एकटीनेच पाहिलंय, तेव्हा सांगायलाच हवं. जेवण झालं की वेंडल दुपारी तळघरात उतरायचा. लोर्नाला, म्हणजे बायकोला, सांगायचा की जुने कागद लावतोय. खाली येऊन तो टेबलाशी एकटा बसायचा आणि आठही जणांच्या वतीने नावं घेत जायचा, मोठ्याने, तक्त्याकडे पाठ करून. मग कागदावर ताडून बघायचा. चुकला की उठायचा, मला फळीवरून काढायचा, स्वतःच्या हाताने तोंडावर बांधायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. जानेवारीत मी तासाभराने उतरायचे. फेब्रुवारीत दिवस मावळेपर्यंत उतरत नव्हते.

एकदा आतल्या आत, माझ्या सळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात तो म्हणाला, "यंदा एकदाही ही चढली नाही, तर मी बरा आहे. चढली, तर लोर्नाला सांगायचं, डॉक्टरकडे जायचं, लीग ऑगीच्या हवाली करायची." एवढं सगळं त्याने माझ्यावर टाकलं. मी काय, चार सळ्या आणि दोन पट्टे. माझ्यावर कशाला टाकतोस रे बाबा हे?

एका दुपारी लोर्ना धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन खाली आली. जाळीमागचं ते तोंड बघून पायरीवरच थबकली.

"हे काय चाललंय?"

"काही नाही. पट्टा सैल झालाय का बघत होतो."

"वेंडल, तू गेला तासभर मोठमोठ्याने बोलतोयस. मला वर ऐकू येतंय."

"मग कान झाकून घे."

उभ्या जन्मात तो तिच्याशी असा बोलला नव्हता. तिने टोपली ठेवली, त्याच्या मागे आली आणि माझं बक्कल सोडलं. त्याच्या गालांवर गाद्यांचे लाल वळ उठले होते. तिने त्यांवरून हात फिरवला, आणि तो लहान मुलासारखा उभा राहिला.

त्याच संध्याकाळी तिने जिन्यात उभं राहून ऑगीला फोन लावला. वेंडल वर झोपला होता. "ऑगी, माझं एक ऐक. यंदा त्याला ती जाळी बांधू नका. काहीही बोलला तरी. ... हो, कितीही वेळा. ... अरे, खेळ आहे ना तुमचा? मग एक वर्ष नाही हसलात तर काय बिघडेल?" मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. "मला माहीत आहे रे," ती शेवटी म्हणाली. "पण मला त्याचे ते वळ बघवत नाहीत."

त्या बाईला कसा दोष देऊ? तिला काय माहीत, नवऱ्याने माझ्यावर काय टाकलंय.

निवडीची संध्याकाळ आली. बाहेर उरलंसुरलं बर्फ चिखलात कालवलेलं. सहाच्या ठोक्याला सगळे जमले, लोर्नाने बटाट्याचं सॅलड आणून ठेवलं. वेंडलने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. तो तक्त्याकडे पाठ करून आपल्या खुर्चीत बसला आणि त्याने दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. तळहात कोरे आहेत हे मला फळीवरून दिसत होतं.

पहिल्या तीन फेऱ्या निर्वेध गेल्या. चौथ्या फेरीत त्याने एक नाव घेतलं. ते क्लाईडकडे होतं.

कुणी हू की चू केलं नाही. ऑगीने ग्लासात डोकं घातलं. डोरीनने क्षणभर खडू हवेत धरला, मग वेंडलच्या रकान्यात दुसरंच नाव लिहिलं, उरलेल्यांतलं बऱ्यातलं बरं. त्याचं नुकसान होऊ नये म्हणून. वेंडलने कानोसा घेतला. त्याची मान ताठ झाली होती. मग पुढच्याने आपल्या खेळाडूचं नाव पुकारलं, आणि वेंडलने हळूच श्वास सोडला.

सहाव्या फेरीत पुन्हा. सातव्यात पुन्हा. डोरीनचा खडू चालत राहिला. आणि वेंडल खुलत गेला! माझा जीव तीळतीळ तुटत होता, आणि तो खुलत होता. आठव्या फेरीनंतर त्याने ऑगीच्या पाठीत थाप मारली. "काय रे, यंदा माझ्या कानाशी पुटपुटत नाहीस? दमलास वाटतं?"

"दमलो खरा," ऑगी म्हणाला.

"म्हातारा झालास लेका." आणि जिन्याकडे बघून वेंडल ओरडला, "लोर्ना! आणखी बियर पाठव, यंदा आपला दिवस आहे!"

पुढे आणखी दोन चुका डोरीनच्या खडूखाली गेल्या. बाराव्या फेरीत क्लाईडची पाळी होती. बिचारा इतका घाबरून बसला होता की त्याचंच भान सुटलं. तो पटकन म्हणाला, "प्रूइट."

वेंडलचा चेहरा उजळला. असा उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "क्लाईड! प्रूइट डोरीनने घेतलाय! तिसऱ्या फेरीत! अरे मिशाळ म्हाताऱ्या, तू काही सुधारत नाहीस! जाळी! जाळी आणा!"

त्याचं बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर. प्रूइट तिसऱ्या फेरीत डोरीनने घेतला होता. तरी टेबलावरचा एकही माणूस हलला नाही, कारण या वर्षी जाळी बांधायची नाही असं ठरलं होतं, आणि आता काय करायचं ते कुणाला सुचेना. वेंडल हसत त्यांच्याकडे बघत राहिला. हसू तोंडावर तसंच होतं, पण त्याला आता काही आधार उरला नव्हता.

"खोटं वाटतं? दाखवतो," तो म्हणाला, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा खुर्चीत मागे वळला. बोट डोरीनच्या रकान्याकडे नेलं. प्रूइट तिथे होता. मग बोट सरकत सरकत त्याच्या स्वतःच्या रकान्यावर आलं आणि तिथेच थांबलं.

"हा पिट... लेस्टर पिट. हा मी घेतला?"

डोरीन खडू बोटांत फिरवू लागली.

"आणि हा सालिनास? मी याचं नाव तरी घेईन का? याचा खांदा गेलाय." आवाज एकदम बारीक झाला. "ऑगी, खरं सांग. मी घेतला आणि विसरलो? का मी घेतलाच नाही?"

ऑगीने ग्लास दूर सारला. पन्नास वर्षांची दोस्ती, पण या प्रश्नाला कुठलंही उत्तर दिलं तरी सुरी वेंडलच्याच पोटात जाणार होती.

"तू नाही घेतलास," डोरीन म्हणाली. तिने खडू ठेवला. "मी लिहिले."

"किती?"

"वेंडल, बस जरा—"

"किती, डोरीन?"

"पाच."

वरच्या पायरीवर लोर्ना बियर घेऊन उभी होती. तिने तोंडावर हात दाबला. वेंडलने तिच्याकडे पाहिलं, मग एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्ही हसला नाहीत," तो म्हणाला. "पाच वेळा चुकलो, आणि तुमच्यातला एक हरामखोर हसला नाही. इतका गेलोय मी?"

मग तो उठला, फळीपाशी आला आणि त्याने मला उतरवलं. त्याला बक्कल लागेना. ऑगी उठून मागे गेला आणि त्याने ते लावलं. लावताना तो रडत होता, हे मला पट्ट्यातून कळलं.

"चला," वेंडल आतून म्हणाला. "क्लाईड माझ्या धास्तीने चुकला, ते धरत नाही. पाच चुका माझ्या, म्हणजे ही माझीच. पाळी कुणाची?"

पाळी डोरीनची होती. तिने सरळ घेतलेलं नाव घेतलं आणि माझ्यासाठी हात पुढे केला. "दे इकडे. चुकले मी."

"मुद्दाम आहे. धरत नाही."

मग ऑगी चुकला. मग पुढचा, त्याच्या पुढचा. सगळे ओळीने चुकत होते, त्या एका माणसाला सोडवावं म्हणून. आणि तो प्रत्येकाला म्हणत होता, "मुद्दाम. मुद्दाम. धरत नाही." निवड संपली तेव्हा मी त्याच्या तोंडावरच होते. कोट घालताना कुणी कुणाकडे बघितलं नाही.

त्याला दोन वर्षं झाली. लीग अजून आहे, पण आता निवड जो तो आपापल्या घरी संगणकावर करतो. तिथे घेतलेलं नाव यंत्र पुन्हा घेऊच देत नाही. चुकायची सोयच नाही, म्हणजे माझंही काम नाही. वेंडलच्या नावाने ऑगी खेळतो.

तक्ता मात्र तळघरात तसाच आहे. लोर्नाने पुसला नाही. आणि वेंडल दुपारी खाली उतरतो, मला बांधतो, खुर्चीत बसतो आणि कुणीतरी चुकायची वाट बघतो. नावं तो आता घेत नाही. सुरुवातीला लोर्ना नुसतं बक्कल सोडायला जायची तर तो तिचा हात झटकायचा. मग तिला युक्ती सुचली. ती समोर बसायची, तक्त्यावरचं एखादं नाव वाचायची आणि आपली पाळी असल्यासारखं म्हणायची. तिला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तिची चूक त्याला खरी वाटायची. "तो गेलाय, बाई! चुकलीस!" तो आनंदाने म्हणायचा आणि मला काढून तिच्या तोंडावर बांधायचा. स्वयंपाकघरात रात्रीचं जेवण करताना मी तिच्या तोंडावर असायचे. कांदा नसला तरी तिच्या डोळ्यांना पाणी असायचं. पण तो तिच्याकडे बघून हसायचा, आणि हसत हसत जेवायचा.

काल ती समोर बसली आणि तिने एक नाव वाचलं. "हॉब्ज."

वेंडलने ऐकलं. थोडा वेळ विचार केला.

"बरा आहे," तो म्हणाला. "घे."

तिने दुसरं नाव वाचलं. तिसरं वाचलं. आवाज चढवून सगळा तक्ता वाचून काढला, आठच्या आठ रकाने. तो प्रत्येक नावाला मान डोलावत राहिला.

मी अजून त्याच्या तोंडावर आहे. काल तिने सोडलं नाही. तीही तिथेच बसून राहिली, आणि मग दोघं तशीच डुलकी लागेपर्यंत बसली. आज दुपारी तो मला तशीच घेऊन पुन्हा खुर्चीत बसलाय. तुमच्यापैकी कुणाला वेळ असेल, तर ईरीला या. तळघराचं दार उघडं असतं. समोर बसा आणि कुठलंही नाव घ्या, आणि असं काहीतरी करा की हा माणूस एकदा, फक्त एकदा, तुमच्यावर ओरडेल. मला त्याच्या तोंडावरून उतरायचंय, हो. पण त्यानेच उतरवायला हवं.